नावांची गल्ली

त्या दिवशी मी घरातून निघाले ती थर्मासमध्ये सुंठीचं पाणी आणि रुमालाच्या गाठीत खडीसाखर घेऊन. घसा पार बसला होता. ऑक्टोबरची एकतीस तारीख, शुक्रवार, पार्कातल्या भुतांची शेवटची रात्र. उद्यापासून झोपता येईल, एवढाच काय तो माझा उत्साह होता.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी मालती. आमच्या जासई गावात मी धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. मांडवात बसून धवळे गायचे, आणि हळद लागायच्या आधी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. एकेकाला तीन हाका. गावाचं नाव, बापाचं नाव, मग त्याचं नाव. लग्न उरकलं की त्याच नावांनी त्यांना परत पाठवायचं. जेवलात, पोरंबाळं पाहिलीत, आता जा. हे सगळं मला सासूने शिकवलं. तिचं नाव शांती होतं, पण ते नावापुरतंच.

"दोन हाका मारल्यास तं मानूस मागं फिरतं," ती सांगायची. "तिसरीला येतंच. आन ज्याला पाठवाला जमनार नाय, त्याला बोलवू नको."

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे तुळशीचं लग्न होईपर्यंत धवलारीण घरी बसून. अशात पार्कातल्या स्मिता मॅडम भेटल्या. मे महिन्यात एका हळदीला त्यांनी मला ऐकलं होतं. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे याल?" साठीच्या उंबरठ्यावर असं कौतुक कोण करतं? मी गेले. आजवर मेलेल्यांना बोलावलं होतं, आता जिवंतांना बोलवायचं, एवढाच फरक.

खारघरच्या पुढे डोंगराकडे तो पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि ऑक्टोबरभर काळ्या प्लायवूडचं मोठं भूतघर. आत सगळीकडे ताज्या रंगाचा आणि धूर सोडणाऱ्या मशीनचा गोडसर वास. भूतघराच्या मधोमध वीसेक पावलांची एक बोळ होती, पूर्ण अंधारी. तिथे ना सांगाडा, ना चेटकीण. तिथे फक्त मी. बाहेर तिकीट देताना लोकांकडून एक फॉर्म भरून घेत, काही झालं तर जबाबदारी आमची नाही अशा अर्थाचा. त्यावरची नावं थेट माझ्यासमोरच्या टॅबवर उमटायची. बोळीच्या भिंतींत कानाच्या उंचीवर बारके स्पीकर लावले होते. मी प्लायवूडच्या मागे एका खुराड्यात बसून माइकवर एकेकाला हळूच त्याच्या नावाने हाक मारायची. बस्स. पण अनोळखी अंधारात कुणी आपलं नाव घेतलं की चांगले दाढीमिशीवाले बाप्ये बायकोच्या मागे लपायचे. पार्कातली पोरं त्या बोळीला नावांची गल्ली म्हणायची.

माझी अट एकच होती. एका नावाला दोनच हाका, तिसरी मारणार नाही. स्मिता मॅडम हसल्या आणि तसं लिहून घेतलं. दुसरी अट मी फक्त सौरभला सांगितली. सौरभ म्हणजे साउंडवाला पोरगा, शेजारच्या खुराड्यात बसायचा, आमच्या मध्ये एक फळी. त्याला म्हटलं, "यादीत रूपेश आलं तर ते नाव मी सोडणार. कुणी विचारलं तर आवाज गेला म्हणून सांग."

त्याने का म्हणून विचारलं नाही. गुणी पोरगा.

रूपेश माझा मुलगा. तीन वर्षं झाली. चोवीस वर्षांचा होता, कंटेनर यार्डात कामाला जायचा. त्या सकाळी बाइकला किक मारून फाटकापर्यंत गेला आणि मला ओटीवरच्या खिळ्याला त्याचं हेल्मेट लटकलेलं दिसलं. हाक अगदी ओठावर आली होती. पण बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि पोरांना बजावत आले. सगळ्या गावाच्या मेलेल्यांना हाका मारणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. वीस मिनिटांनी वळणावर ट्रेलर होता. ती गिळलेली हाक अजून माझ्या घशात आहे. डॉक्टर तिला ॲसिडिटी म्हणतात.

तसा हाकेला तो कधीच धड उत्तर द्यायचा नाही. मी चुलीपासून दहा वेळा ओरडावं आणि याने मोबाइलमधून मान वर न करता "काय गं?" म्हणावं. सासू चिडायची. "ओ द्याला काय दात पडतान तुझं?" तो हसायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा "काय गं?"च.

आता तेवीस नोव्हेंबरला त्याच्या बहिणीचं, रुतिकाचं लग्न होतं. खारघरचा आशुतोष, बँकेत आहे, चांगलं स्थळ. घरचं लग्न म्हटल्यावर घरच्या मेलेल्यांना मीच बोलवणार. रुतिका महिनाभर एकच धोशा लावून होती. "आये, दादाला बोलवशील ना? तू नाही बोलावलंस तर तो येणार नाही. माझं लग्न, आणि दादा नाही?"

मी उत्तर द्यायचं टाळत होते. मला बोलवायची भीती नव्हती. बोलवलं असतं, हजारदा बोलवलं असतं. पण लग्नानंतर त्याला पाठवायचं कुणी? दारातून निघालेल्याला आमच्यात साधं 'जा' म्हणत नाहीत. त्याला मांडवात उभं राहून तीनदा 'जा' म्हणायला माझी जीभ वळणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

असो. तर शेवटची रात्र. संध्याकाळी सहापासून रांग हटत नव्हती. आठ-आठ जणांचे घोळके आत येत होते, किंचाळत होते, बाहेर पडत होते. मी नावं घेत होते. कियारा, कियारा. रेयांश, रेयांश. हल्लीच्या नावांनी तोंडाला फेस येतो. दहा वाजेपर्यंत माझी पाठ लाकूड झाली होती, सुंठीचं पाणी संपलं होतं, डोळे आपोआप मिटत होते.

"मावशी, लास्ट दोन बॅच," फळीपलीकडून सौरभ म्हणाला. "मग सुटलो."

घोळका बोळीत शिरला. बोळीतल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर माणसं हिरवट दिसायची, चेहरे नाही, नुसते आकार. मी यादी वाचायला लागले. नमिता, नमिता. एक किंकाळी. दत्तू, दत्तू. हशा. सात नावं झाली. आठवं मी वाचलं की नाही, मला आता सांगता येणार नाही. डोळे मिटलेले होते. झोपेत हात भाकरी थापत राहावेत तसं तोंड चालू होतं. मला मांडव दिसत होता, हळदीची वाटी दिसत होती, आणि सूर आपोआप मांडवातला लागला.

"रूपेश..."

"रूपेश..."

"जासईचे... रामचंद्राचे... रूपेश..."

माझाच आवाज कानावर पडला आणि मी खडबडून जागी झाले. टॅबवर शेवटच्या ओळीत ते नाव होतं. मी ते सोडलं नव्हतं. आणि हाका तीन झाल्या होत्या.

धुराचं मशीन फुसफुसायचं थांबलं. स्क्रीनवरची माणसं एकदम गप्प झाली. सातच होती. मग ती सातही जणं एकाच वेळी मागे वळून बघायला लागली. स्पीकरकडे नाही, आम्ही जिथून त्यांना आत घेतो त्या तोंडाकडे. आणि हळूहळू, कुणी काही न बोलता, एका बाजूला सरकली. चिंचोळ्या बोळीत समोरून माणूस आला की आपण अंग चोरून त्याला वाट देतो, तशी.

"ओ."

कानावरच्या हेडफोनमधून नव्हे. तो आवाज प्लायवूडच्या पलीकडून, माझ्या गुडघ्यापासून हातभरावरून आला. पाठोपाठ वास आला, ओहोटीच्या वेळी खाजणातल्या चिखलाला येतो तो. पार्कापासून खाडी चांगली लांब आहे.

"सौरभ..." मी मधल्या फळीवर हात आपटला. "ऐकलंस?"

"काय?"

"ओ दिली... कुणीतरी."

"मला फक्त तुमचा आवाज आला, मावशी. तिसरी मारलीत ना तुम्ही? मस्त लागली एकदम." मग बहुतेक माझा श्वास त्याला ऐकू गेला असावा. तो उठून माझ्याकडे आला, टॅब पाहिला, वॉकीटॉकीवर बाहेर विचारलं. बाहेरून उत्तर आलं की रूपेश नावाचा एक जण दारातच घाबरला, आत गेलाच नाही, बाकावर बसून मक्याचं कणीस खातोय. सौरभ हसला. "बघा. जिवंत आहे. टेन्शन नका घेऊ."

मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. शेवटचा घोळका मी कसाबसा उरकला. पर्स घेतली, चपला घातल्या आणि मागच्या वाटेने बाहेर पडायच्या दाराशी आले. तिथे दिपेश असायचा, बाहेर येणारी डोकी मोजायला, हातात टकटक वाजणारं मोजायचं यंत्र.

"मघाच्या बॅचला सात आले ना रे बाहेर?" मी आपलं सहज विचारलं.

"आठ," तो म्हणाला.

"एक आत गेलाच नव्हता."

"मावशी, आठ मोजले मी. लास्टवाला हेल्मेट घालून होता, काच खाली. मी बोललो, भाऊ, आत हेल्मेट अलाऊड नाय. तर थांबला पण नाय. नुसता 'ओ' बोलला आणि गेला सरळ."

मी स्टाफच्या बसमध्ये बसले. फाट्यावर उतरून घरी पोचले तेव्हा रामचंद्र, माझे मालक, रात्रपाळीला गेले होते. ते यार्डाच्या गेटवर वॉचमन आहेत. रुतिका आत झोपली होती. ओटीवरचा दिवा लावला. हेल्मेट खिळ्याला होतं, तीन वर्षं होतं तसंच. वर बोटभर धूळ, तिला कुणाचा हात लागलेला नव्हता. मी आतून चाचपून पाहिलं. आत ओलं होतं. आणि कोमट.

तेव्हाच पाठवायला हवं होतं. घरात तांदूळ होते, हळद होती, चार शब्दांचं काम. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "जेवलास का रं?"

अंगणात, जिथे त्याची बाइक लागायची तिथल्या अंधारातून आलं, "ओ."

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. मी आनंदात होते. पायरीवर भात आणि सुक्या जवळ्याचं ताट ठेवलं आणि पहाटेपर्यंत दाराआड बसून राहिले.

लग्नापर्यंतचे तीन आठवडे असेच गेले. रोज रात्री ताट. सकाळी ते जसंच्या तसं, फक्त भाताला पाणी सुटलेलं. हेल्मेट रोज ओलं, मी रोज उन्हात वाळवून परत अडकवायची. रुतिकाने एकदा विचारलं, "आये, धुतेस कशाला ते रोज?" मी म्हटलं, पाहुणे येतील, बरं दिसतं. रात्री ती झोपली की मी ओटीवर बसून त्याच्याशी बोलायची. हॉल ठरला. ओ. आशुतोष स्वभावाने बरा आहे. ओ. त्या दिवशी मी तुला हाक मारायला हवी होती रं. ओ. प्रत्येक गोष्टीला ओ. मेल्यावर का होईना, पोराला वळण लागलं म्हणून मला हसूसुद्धा आलं.

लग्न छान झालं. मांडवात मी सगळ्यांना बोलावलं, सासऱ्यांना, सासूला, दोन दिरांना. रूपेशला बोलावलं नाही. आलेल्याला काय बोलवायचं? शेवटी पाठवायची वेळ आली. मी तांदूळ हातात घेतले आणि एकेक नाव घेत सगळ्यांना वाटेला लावलं. मग थांबले. हिरव्या शालूतली रुतिका माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा आलाय ना, आये?" तिने कानात विचारलं.

"आलाय."

"मला वाटतच होतं." तिचे डोळे भरून आले. "मग पाठव त्याला. दमला असेल गं. तू पण दमलीयेस."

त्या एका शब्दाने मी मोडले. खरंच दमले होते. मी उठून उभी राहिले, गावाचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, त्याचं नाव घेतलं आणि तांदूळ टाकले. जा. जा. तिसऱ्या 'जा'ला माझा आवाज फाटला आणि मांडवातल्या सगळ्या बाया रडल्या. हे पाठवणं पक्कं असतं. पाठवलेल्याला पुन्हा बोलवायचं तर घरात दुसरं लग्न लागतं, आणि माझ्या घरात आता तिसरं मूल नाही. पण काळजावर धोंडा ठेवून मी ते केलं. त्या रात्री मी तीन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले.

सकाळी हेल्मेट ओलं होतं.

मी दिवसभर ते मांडीवर घेऊन बसले. रात्री मालक कामावर गेल्यावर ओटीवर आले आणि हळूच म्हटलं, "रूपेश?"

"ओ."

मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "शांती?"

"ओ."

"नमिता? दत्तू? कियारा?"

ओ. ओ. ओ. सगळ्यांना तोच आवाज, तीच पट्टी. माझ्या पोराने उभ्या जन्मात मला कधी ओ दिली नव्हती. हे मला पहिल्याच रात्री कळायला हवं होतं, त्या प्लायवूडपाशी. महिनाभर मी त्या अंधारात हजारो नावं टाकली होती. कोण ती ऐकत बसलं होतं, देव जाणे. त्याला फक्त तिसरी हाक हवी होती. आणि माझा रूपेश? तो आलाच नव्हता. तो जिथे कुठे होता तिथून, न बोलावता, न जेवता, मी त्याला त्याच्या बहिणीच्या मांडवातून तीनदा हाकलून दिलं. आता जो इथे आहे त्याला पाठवायचं तर नाव लागतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोर सासरी गेली म्हनून असा व्हतंय तुला," आणि डबा घेऊन कामाला गेले.

आज पाचवा दिवस. रुतिका आणि आशुतोष पहिल्यांदा माहेरी यायचे आहेत, बाइकवरून. रुतिकाची लहानपणापासूनची खोड आहे, फाटकातूनच "आये, आये, आये" करत येते. सकाळी मी तिला फोन केला, म्हटलं, आज हाक मारू नकोस, मी फाटकातच असेन. ती हसली. "बरं बाई. वेडी झालीस तू."

दुपारपासून मी फाटकात खुर्ची टाकून बसले आहे. तिने चुकून हाक मारलीच तर घरातल्याच्या आधी मला ओ देता यावी म्हणून. साडेपाचला तिचा मेसेज आला, निघालो. आता दिवेलागण झाली आहे. रस्ता वळणापर्यंत मोकळा दिसतोय, एक ट्रेलर तेवढा गेला.

आत्ता माझ्या पाठीमागे, घरातून, कुणीतरी मोठ्याने ओ दिली.

मी तर कुठलीच हाक ऐकली नाही.